आधी बाहेरून एक फेरी: इंग्लंडमधलं जुनं गावचर्च कसं बघायचं

मी ३५ वर्षं ड्राफ्ट्समन होतो. लोकांनी घराला वाढवलेली खोली, बंद केलेली गॅलरी, पाडलेली भिंत, नंतर आठवलेला जिना, हे सगळं मोजून कागदावर उतरवायचं, हे पोटापाण्याचं काम. इतिहासाशी संबंध शाळेपुरता. निवृत्त झाल्यावर दर उन्हाळ्यात आम्ही दोघं मुलाकडे सफकला जाऊ लागलो. सफक म्हणजे इंग्लंडचा पूर्वेकडचा, समुद्राकाठचा परगणा. मुलगा-सून कामाला, नात शाळेत. दिवसभर घरात बसून किती चहा पिणार? मग बस पकडून गावोगावची चर्च बघायला सुरुवात केली. या एका परगण्यात मध्ययुगातली चर्च ५००च्या आसपास आहेत, त्यामुळे उद्योगाला तोटा नाही.

पहिल्या वर्षी मी ती सगळे बघतात तशीच बघितली. आत शिरायचं, मधोमध उभं राहायचं, ‘वा’ म्हणायचं, दोन फोटो, संपलं. मग एका गावात (नाव सांगत नाही, फजिती माझीच आहे) मी तिथल्या चर्चवॉर्डन, म्हणजे चर्चची देखभाल बघणाऱ्या, बाईंना मोठ्या ऐटीत सांगितलं की ही खिडकी चौदाव्या शतकातली दिसते. बाई ऐंशीच्या घरातल्या, हातात फुलं कापायची कात्री. म्हणाल्या, “छान आहे ना? १८६६ सालची आहे. तुम्ही बाहेरून फिरून आलात का?” नव्हतो आलो. “मग आधी फिरून या. आत काय, कुठे पळून जात नाही.”

तेव्हापासून तोच माझा नियम. दार ढकलण्याआधी बाहेरून एक पूर्ण फेरी.

निघण्यापूर्वी सामान: लहान दुर्बीण, टॉर्च, वही-पेन्सिल आणि तळहाताएवढा आरसा. आरसा सपाट धरून त्यात छत बघितलं की मान अवघडत नाही. ही युक्ती मला खूप उशिरा सुचली. बहुतेक गावचर्च दिवसा उघडी असतात. कुलूप असेल तर किल्ली कोणत्या घरी मिळेल ते पुष्कळदा ओसरीतल्या फलकावर लिहिलेलं असतं. रविवारची सकाळ टाळा, तेव्हा उपासना चालू असते.

आता फेरी. वेदी पूर्वेला, टॉवर बहुधा पश्चिमेला आणि मुख्य दार बहुधा दक्षिणेला. दोन शब्द लक्षात ठेवले तरी पुरे. लोक बसतात तो लांबट भाग नेव्ह, आणि त्याच्या पूर्वेचा, बहुधा अरुंद आणि ठेंगणा, वेदीचा भाग चॅन्सेल. आपल्या डोक्यात सभामंडप आणि गाभारा आपोआप येतात. येऊ द्या, पण तुलना तिथेच सोडा, कारण पुढची भानगड वेगळी आहे. तेराव्या शतकापासून रूढ झालेला नियम असा की चॅन्सेलची डागडुजी रेक्टरने, म्हणजे गावाच्या पिकाचा दशमांश ज्याच्या पदरात पडतो त्याने करायची आणि नेव्हची गावकऱ्यांनी. एक इमारत, दोन खिसे. त्यामुळे कुठे नेव्ह उंच, ऐसपैस, मोठाल्या खिडक्यांचा आणि चॅन्सेल बिचारं दोनशे वर्षं मागे राहिलेलं दिसतं, कुठे उलट. दोन भावांच्या वाटणीचं घर कधी मोजलं असेल तर हे लगेच ओळखू येईल. दोन्ही भागांचे दगड आणि छपराचे उतार शेजारी शेजारी ताडून बघा, कोणाच्या हातात कधी पैसा होता ते कळतं.

मग सांधे शोधा. भिंतीच्या मध्येच घडीव दगडांची उभी ओळ आली, तर तो एके काळी इमारतीचा कोपरा होता आणि पलीकडचं नंतर वाढवलं. भिंतीत कमानीचा आकार दिसतो पण आत दगड भरलेत, तर ते बुजवलेलं दार. उत्तरेच्या बाजूला अशी दारं हटकून सापडतात.

माझी सगळ्यात आवडती खूण टॉवरवर असते. टॉवरची पूर्वेकडची बाजू, जिथे नेव्हचं छप्पर टेकतं, तिथे आताच्या छपराच्या वर बघा. पुष्कळ ठिकाणी उलट्या ‘व्ही’सारखी, दगडाची जराशी पुढे आलेली रेघ दिसते. ते जुन्या छपराचं माप! पूर्वी नेव्हवर उभ्या उताराचं छप्पर होतं, बहुतेकदा गवताने शाकारलेलं. पुढे गावात पैसा आला, नेव्हच्या भिंती उंच करून वर खिडक्यांची रांग बसवली (तिला क्लिअरस्टोरी म्हणतात), छप्पर सपाट करून शिसं घातलं. जुनी रेघ तेवढी टॉवरवर राहिली. कधी ती रेघ नव्या छपराखाली गेलेली असते. तसं असेल तर आत गेल्यावर नेव्हच्या पश्चिम भिंतीवर वर बघा. ही रेघ पहिल्यांदा दिसली तेव्हा मी वहीत छपराचा कोन काढून ठेवला. सवय.

सफक आणि शेजारचं नॉरफक इथे चांगला बांधकामाचा दगड निघतच नाही. निघते ती गारगोटी, फ्लिंट. शेतात नांगराला लागणारे काळे-पांढरे, ओबडधोबड गोळे चुन्यात बसवून भिंती उभ्या केल्यात. दारा-खिडक्यांच्या चौकटी आणि कोपरे यांना मात्र बाहेरून आणलेला घडीव दगड. इथले गोल टॉवर प्रसिद्ध आहेत, इंग्लंडभरात १८०च्या आसपास, त्यातले बहुतेक याच दोन परगण्यांत. कोपऱ्याला घडीव दगड लागतो, तो महाग, म्हणून टॉवर गोल केला, असं जो तो सांगतो. मला ते पूर्ण पटत नाही. त्याच चर्चच्या नेव्हला चार कोपरे आहेतच ना? गोल बांधायची इथे रीत पडली असणार आणि लोकांना ते आवडत असणार, एवढंच मी म्हणेन. पुढे चौदाव्या-पंधराव्या शतकांत याच गारगोटीचे तुकडे फोडून, त्यांची काळी चकचकीत बाजू बाहेर ठेवून, फिक्या दगडाच्या चौकटीत नक्षी भरू लागले. याला फ्लशवर्क म्हणतात. पाऊस पडून गेल्यावर बघा, भिंत काचेसारखी चमकते.

काळ ओळखायला खिडक्या. यासाठीची नावं थॉमस रिकमन नावाच्या माणसाने १८१७ साली रूढ केली, ती आजही चालतात. अर्धवर्तुळाकार कमान, जाड भिंत, दाराभोवती करवतीच्या दात्यांसारखी नागमोडी नक्षी, तर नॉर्मन, साधारण ११९० पर्यंत. उंच, अरुंद, भाल्याच्या टोकासारखी खिडकी म्हणजे अर्ली इंग्लिश, तेरावं शतक. खिडकीच्या वरच्या भागात दगडाची जाळी पाना-ज्वालांसारखी वळणं घेऊ लागली की डेकोरेटेड, १३५० पर्यंत. आणि उभ्या दांड्या थेट कमानीपर्यंत सरळ गेल्या, खिडकी नुसती चौकोनी खणांची झाली, की पर्पेंडिक्युलर. हे पुढे १५३०च्या दशकापर्यंत, आणि काही ठिकाणी त्यानंतरही. १३४८-४९च्या प्लेगमध्ये कारागीर मेले म्हणून नक्षी सोपी झाली, असं तुम्हाला कोणीतरी सांगेलच. ऐकून घ्या. पण ही सरळ रेषांची पद्धत ग्लॉस्टरच्या मोठ्या चर्चमध्ये १३३०च्या दशकातच सुरू झाली होती, प्लेगच्या आधी.

खिडकीने एकट्याने काही सिद्ध होत नाही, हे मी फजिती होऊन शिकलो. खिडकी भिंतीपेक्षा लहान वयाची असू शकते, आणि व्हिक्टोरियन, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या, लोकांनी जुन्या घाटाच्या नव्या खिडक्या गाडीभर बसवल्या. त्यांची ओळख अशी: दगडाच्या कडा अजून धारदार, सगळ्या खिडक्या एकाच साच्यातल्यासारख्या, आत जमिनीवर रंगीत चकचकीत फरश्या, एकसारखे पाइनचे बाक आणि गिलावा खरवडून उघडे पाडलेले दगड. उघडा दगड बघून लोक ‘किती जुनं’ म्हणतात, पण मध्ययुगात आतल्या भिंतींना चुन्याचा गिलावा आणि त्यावर रंग असायचा. या खरवडण्याला वैतागून विल्यम मॉरिसने १८७७ साली जुन्या इमारती जपणारी संस्था काढली. ती अजून चालू आहे.

फेरी संपताना दक्षिणेच्या दाराशी थांबा. चौकटीच्या दगडावर हाताच्या उंचीला एखादं छिद्र आणि त्यातून खाली पसरलेल्या रेघा दिसतात का? ते सूर्यघड्याळ. छिद्रात काडी खोचायची, तिची सावली ठरावीक रेघेवर आली की मिस्साची, म्हणजे उपासनेची, वेळ. कुठे कुठे हे दगड नंतरच्या ओसरीच्या आत आलेत. सावली कशी पडणार? म्हणजे ओसरी नंतरची. बघा, पुन्हा सांधाच.

आता आत या आणि दोन मिनिटं काहीही न बघता उभे राहा. डोळे अंधाराला सरावायला तेवढा वेळ लागतो.

दाराजवळ बाप्तिस्म्याचं दगडी कुंड असतं, फॉन्ट. लोक नक्षी बघतात, तुम्ही काठ बघा. वरच्या काठावर समोरासमोर दोन जागी दगड तुटलेला, ठिगळ लावलेला किंवा लोखंडाच्या गंजाने तांबडा झालेला असतो. १२३६ साली कँटरबरीच्या आर्चबिशपने हुकूम काढला होता की कुंडांना कुलूपबंद झाकण हवं, कारण पवित्र पाणी जादूटोण्यासाठी चोरीला जातं. झाकणं गेली, कुलुपं गेली. कड्या उपटताना उडालेला टवका तेवढा ८०० वर्षांनीही तिथेच. बोट फिरवून बघायला हरकत नाही, मी दर वेळी फिरवतो.

झाकणावरून आठवलं. अफर्ड गावच्या चर्चमध्ये कुंडावरचं लाकडी झाकण १८ फूट उंच आहे, कोरीव मनोऱ्यांवर मनोरे, टोकाला पेलिकन पक्षी. १६४४ साली विल्यम डाउझिंग तिथे पोचला. यादवी युद्धाच्या त्या काळात पार्लमेंटच्या बाजूने नेमलेला हा कट्टर प्रोटेस्टंट माणूस. केंब्रिजशर आणि सफकमधल्या सुमारे २५० चर्चमध्ये जाऊन चित्रं, मूर्ती, काचा फोडणं हे त्याचं काम, आणि त्याची रोजनिशीही तो ठेवायचा. अफर्डच्या लोकांनी त्याला दोन तासांहून अधिक वेळ किल्लीच दिली नाही. आत गेल्यावर त्याने झाकणाचं वर्णन पोपच्या तिहेरी मुकुटासारखं असं केलं, म्हणजे त्याच्या लेखी शिवीच, पण लिहिताना ‘भव्य’ हा शब्द त्याला टाळता आला नाही. झाकण आजही उभं आहे.

मग कुंडाकडे पाठ करून पूर्वेकडे बघा. नेव्ह आणि चॅन्सेलच्या मधली कमान मध्ययुगात मोकळी नव्हती. तिथे खाली नक्षीदार लाकडी पडदा, वर सज्जा आणि त्यावर क्रूसावरचा येशू, एका बाजूला मरिया, दुसऱ्या बाजूला योहान. याला रूड म्हणायचे. सोळाव्या शतकात धर्मसुधारणा झाली तेव्हा हे सगळं उतरवायचा हुकूम निघाला. पडदे काही ठिकाणी राहिले, सज्जे जवळपास सगळे गेले. मग शोधायचं काय? जिना. कमानीजवळच्या भिंतीत जमिनीपासून उंचावर एक छोटं दार हवेत उघडतं. सज्जाच नाही, तर दार कुठे जाणार? ते बघताना मला एका गिऱ्हाइकाचं घर आठवतं, गॅलरी पाडली आणि दार तसंच ठेवलं.

रूडच्या मागे, कमानीच्या वरच्या भागात, शेवटच्या न्यायाचं चित्र असायचं, डूम. याची सगळ्यात चांगली गोष्ट वेनस्टन गावची. तिथलं चित्र १५०० नंतरच्या काही वर्षांतलं, लाकडी फळ्यांवर काढलेलं. धर्मसुधारणेत त्यावर चुना फासला गेला. १८९२ साली दुरुस्ती करताना त्या पांढऱ्या फळ्या कचरा म्हणून चर्चच्या आवारात टाकल्या. रात्री पाऊस झाला, चुना धुपला आणि सकाळी फळ्यांवर माणसं दिसू लागली. नरकाचं तोंड, सैतान, तराजू घेतलेला देवदूत मायकेल, स्वर्गाच्या दारात संत पीटर. आता ते चित्र आत भिंतीवर लावलंय. पण तिथे गेलात तर सैतानात फार अडकू नका. मधोमध तीन रिकाम्या आकृत्या आहेत, एक मोठा क्रूस आणि दोन्हीकडे दोन उभी माणसं. तिथे रंगच नाही, कारण तिथे रूडच्या लाकडी मूर्ती टेकवलेल्या होत्या. मूर्तींचा मागमूस नाही, पण त्यांची मापं मिळतात. मी त्या चित्रापुढे अर्धा तास बसलो होतो. बायको म्हणाली, चला, बस चुकेल. चुकली.

भिंतीवर चित्र असेल तर मुख्य दाराच्या समोरची भिंत आधी बघा. तिथे बहुधा ख्रिस्तोफर असतो, खांद्यावर बाळ येशू घेऊन नदी ओलांडणारा धिप्पाड माणूस. त्याचं दर्शन घडलं की त्या दिवशी अवचित मरण येत नाही अशी समजूत होती. म्हणून दार उघडताच दिसेल अशी जागा.

छताला दुर्बीण लावा. या भागात लाकडी छतावर पंख पसरलेले देवदूत असतात. ब्लाइदबरा गावच्या चर्चमध्ये ते नेव्हच्या आढ्याखाली पाठीला पाठ लावून रांगेत आहेत, अजून थोडा जुना रंग शिल्लक असलेले. त्यांच्या अंगात शिशाच्या गोळ्या सापडल्या आणि वर्षानुवर्षं सांगितलं गेलं की डाउझिंगच्या माणसांनी बंदुका झाडल्या. गोळ्या तपासल्यावर त्या अठराव्या शतकातल्या निघाल्या. चर्चच्या हिशेबात तेव्हा छतात घरटी करणारे डोमकावळे मारण्यासाठी दारूगोळ्याचे पैसे दिल्याची नोंदही आहे. उत्तरेच्या दारावर भाजल्याचे काळे डाग आहेत. ते १५७७च्या ऑगस्टमधल्या वादळात आलेल्या काळ्या कुत्र्याच्या, म्हणजे साक्षात सैतानाच्या, पंज्यांचे म्हणून दाखवतात. त्या वादळात टॉवरचा कळस कोसळून माणसं मेली, एवढं खरं. डागांचं मेणबत्तीला विचारावं, असं माझं मत.

आता टॉर्च. हे काम सगळ्यात शेवटी करा, कारण सुरू केलं की वेळेचं भान राहत नाही. खांबाच्या दगडावर टॉर्च समोरून मारायचा नाही, भिंतीला लावून आडवा धरायचा. प्रकाश घासत गेला की नुसत्या गुळगुळीत वाटणाऱ्या दगडावर ओरखडे उठतात: शिडाची जहाजं, पवनचक्क्या, हाताचे पंजे, अक्षरं. मला सगळ्यात जास्त सापडतं ते कंपासने काढलेलं सहा पाकळ्यांचं फूल. वाईट शक्ती दूर ठेवण्यासाठी ते कोरत, असं मानतात. पहिलं फूल सापडलं तेव्हा मी मध्यबिंदू शोधला. होता! कंपासचं टोक रुतलेलं बारीक छिद्र, आणि एक पाकळी जराशी चुकलेली, कारण त्रिज्या मध्येच सैल झाली होती. स्क्रू घट्ट नसला की काय होतं ते मला कोणी सांगायला नको.

अक्षरांच्या बाबतीत हर्टफर्डशरमधल्या ॲशवेलला तोड नाही. तिथे टॉवरच्या आतल्या भिंतीवर लॅटिनमध्ये प्लेगची हकिकत खरवडलेली आहे: १३५० साल, दैन्य, उरलेसुरले लोक तेवढे साक्षीला राहिलेत, आणि १३६१चं (आजच्या मोजणीत जानेवारी १३६२चं) प्रचंड वादळ. ते लिहिणारा कोण, माहीत नाही, पण एवढ्या संकटात त्याने ओळ बरीच सरळ धरलीय. कोरीव खुणांवर खडू किंवा पेन्सिल घासू नका, फोटो काढा.

निघताना दिवे बंद करा. ओसरीला जाळीचं दार असेल तर ते कडी लावून ओढा, नाहीतर पाखरं आत शिरतात आणि पाण्यावाचून मरतात. पेटीत काहीतरी टाका, छपरावरचं शिसं स्वस्त नाही. अभिप्रायाची वही असते, तीत लोक ‘शांत’, ‘सुंदर’ असं लिहून जातात. मी त्या कात्रीवाल्या बाईंच्या चर्चमध्ये लिहिलं होतं: उत्तरेकडचं पन्हळ तुंबलंय, तिसऱ्या खिडकीच्या वर, भिंत ओली आहे. पुढच्या उन्हाळ्यात गेलो तेव्हा पन्हळ साफ होतं. वहीत माझ्या ओळीखाली बाईंच्या अक्षरात होतं: पाहिलं, डोमकावळ्याचं घरटं होतं.